मॉनिटरिंगचं मशीन घेण्याआधी सेकंदाचा हिशोब

परवा धुळ्याहून भाच्याचा फोन आला. तो एका मोठ्या दवाखान्यात आयटीचं काम बघतो, नोकरीला लागून वर्ष होत आलंय. "मामा, सगळ्या सर्व्हरवर आणि नेटवर्कच्या स्विचवर लक्ष ठेवायला झॅबिक्स बसवायचंय. मशीनचं कोटेशन आलंय. ३२ कोअर, १२८ जीबी रॅम, चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क. घेऊ का?"

मी विचारलं, "सेकंदाला किती व्हॅल्यू येणार आहेत?"

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे कसं?"

व्हॅल्यू म्हणजे उपकरणाकडून झॅबिक्सला येणारा एकेक आकडा. हे माहीत नसण्यात त्याचा काही दोष नाही. २०१९ मध्ये मला कुणी हे विचारलं असतं तर मीही असाच गप्प झालो असतो. त्याला फोनवर तुटक तुटक जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबार भागात असं एकहाती काम करणारी पोरं बरीच आहेत. त्यांच्या हातात एकदाच बजेट येतं आणि मग पाच-सहा वर्षं त्याच मशीनवर काढावी लागतात.

मी जळगावात एका पतसंस्थेचं नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळतो. तीन जिल्ह्यांत मिळून १९ शाखा. मॉनिटरिंग नव्हतं तेव्हा शाखा बंद पडल्याचं आम्हाला फोनवरून कळायचं, म्हणजे आमच्या आधी ते काउंटरवरच्या माणसाला कळलेलं असायचं. रावेर-सावद्याकडचा शेतकरी केळीच्या गाडीचे पैसे काढायला सकाळी दहाला येतो, त्याला परत जाऊन मजूर लावायचे असतात. त्याला "सिस्टीम बंद आहे, थांबा" म्हणायची वेळ शाखेवर आली की मला रात्री झोप लागायची नाही. म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत झॅबिक्स ४.० बसवलं. अलेक्सेई व्लादिशेव नावाच्या माणसाने १९९८ मध्ये हे काम सुरू केलं, पुढे लाटव्हियातल्या रिगा शहरात त्याची कंपनी उभी राहिली. सॉफ्टवेअर फुकट आहे, लायसन्सचा प्रश्न नाही. मला वाटलं, मग मशीनही जुनंच चालेल. हिशोब विभागातून निघालेला एक डेस्कटॉप होता: आय-थ्री, चार जीबी रॅम, एक टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. त्यावर टाकलं.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. काहीही तक्रार नाही. ग्राफ अखंड, अलर्ट मिनिटाभरात. संचालक मंडळाच्या बैठकीत मी ते स्क्रीनवर दाखवलंही.

मेच्या मध्यावर बिघडायला लागलं. ग्राफमध्ये खाचा पडू लागल्या, पाच मिनिटं रेघ आहे, मग दहा मिनिटं रिकामी जागा. हिस्टरी सिंकर, म्हणजे आलेले आकडे डेटाबेसमध्ये उतरवणाऱ्या प्रक्रिया, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त व्यग्र आहेत असे झॅबिक्सचे स्वतःचेच इशारे येऊ लागले. आणि एका सोमवारी रावेर शाखेचा राउटर १० वाजून ५ मिनिटांनी गेला, मॅनेजर मॅडमचा फोन मला १० वाजून १० मिनिटांनी आला, आणि मशीनचा अलर्ट आला १० वाजून ४७ मिनिटांनी. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, मग ते कॉम्प्युटर बघतं तरी काय?" ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

सगळ्यांचं एकच म्हणणं, ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढलाय त्याला हे पटायला वेळ लागत नाही. पारा ४५ च्या वर जातो, दुपारी गाडीच्या हँडलला हात लावता येत नाही. मलाही पटलं. मशीनचं झाकण काढलं, पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवली, वरून टेबलफॅन लावला. प्रोसेसरचं तापमान साठीच्या घरात होतं, म्हणजे ठीकच होतं. खाचा काही गेल्या नाहीत.

उत्तर मिळालं ते वॉचमन आबांकडून. आबा अमळनेरकडचे, रात्रपाळीला असायचे. एका रात्री साडेअकरापर्यंत मी त्या खोलीत बसलो होतो. आबा पाण्याची बाटली घेऊन आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "भाऊ, हाई डबडं दर घंटाले दयन दयस का?"

दर तासाला दळण. मी काम थांबवून कान दिला. अर्धा तास काही नाही. मग खरोखरच हार्ड डिस्कची कर्र-कर्र सुरू झाली, एकसलग, दहा मिनिटांच्या वर चालली आणि थांबली. आबा रोज रात्री ते ऐकत होते. मी दिवसा एसीच्या आणि माणसांच्या आवाजात बसायचो, मला कधी ऐकूच आलं नव्हतं. पुढच्या आवाजाच्या वेळी मी आयओस्टॅट, म्हणजे डिस्क किती कामात आहे ते दाखवणारी कमांड, लावून बसलो. डिस्क १०० टक्के व्यग्र, एकेका मागणीला तीनशे मिलिसेकंदांच्या वर वाट बघावी लागत होती. आणि आकाराने म्हणाल तर डिस्क दहावा हिस्सासुद्धा भरलेली नव्हती.

झॅबिक्समध्ये हाउसकीपर नावाची एक प्रक्रिया असते. जुना डेटा पुसणं हे तिचं काम, आणि ती मुळात दर तासाला एकदा चालते. मी हिस्टरी, म्हणजे जमलेले आकडे, ९० दिवस ठेवायची म्हणून सांगितलं होतं. फेब्रुवारीच्या मध्यात बसवलेल्या मशीनला मेच्या मध्यापर्यंत पुसण्यासारखं काही नव्हतंच! एक्याण्णवाव्या दिवशी पहिल्यांदा पुसायला सुरुवात झाली, आणि त्याच आठवड्यात ऊन कडक झालं. आम्ही योगायोगालाच कारण धरून बसलो होतो.

आता हे पुसणं इतकं जड का, ते मला पतसंस्थेतल्याच दोन वह्यांनी समजलं. रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे आले तसे एकाखाली एक लिहीत जायचं, लेखणी उचलायची गरज नाही. खतावणीत मात्र प्रत्येक खात्याचं पान वेगळं. शंभर नोंदी शंभर खात्यांच्या असतील तर शंभर वेळा पान उलटायचं. डेटाबेसही नेमकं हेच करतो. त्याचा लॉग म्हणजे रोजकीर्द, सलग लिहिला जातो, त्यात हार्ड डिस्क तरबेज आहे. पण प्रत्येक आयटमची, म्हणजे मोजायच्या एकेका गोष्टीची, हिस्टरी म्हणजे खतावणीतलं वेगळं खातं. माझ्याकडे तेव्हा सहा हजार आयटम होते, म्हणजे मिनिटाला सहा हजार पानं उघडायची.

७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद. सुई त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ. बेरीज बारा-तेरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण ऐंशी वेळा पान उलटता येतं, त्याहून जास्त नाही. डिस्क एक टीबीची असो की चार टीबीची, हा ऐंशीचा आकडा फारसा हलत नाही. भाच्याच्या कोटेशनमध्ये चार टीबीच्या डिस्क दिसल्या तेव्हा मला आधी हेच आठवलं.

नवीन नोंदींचं तरी बरं असतं. शेवटची पानं रॅममध्ये उघडी ठेवता येतात, त्यावर लिहीत राहायचं आणि मग एकदम डिस्कवर उतरवायचं. सहा हजार खात्यांची एकेक शेवटची पानं, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी साठवणीचं पान १६ केबीचं, म्हणजे सुमारे ९६ एमबी. पण ९० दिवसांपूर्वीची पानं रॅममध्ये कशी असतील? ती एकेक करून डिस्कवरून उचलायची, त्यातल्या जुन्या ओळी खोडायच्या, परत ठेवायची. त्या वेळी नवीन नोंदी दारात उभ्या राहतात, त्यांची तात्पुरती साठवण (कॅश) भरते, रांग लागते. रावेरचा अलर्ट त्या रांगेत उभा होता.

आधी मी रॅम वाढवली, चारची सोळा. तेव्हा लक्षात आलं की मायएसक्यूएलचा बफर पूल, म्हणजे पानं उघडी ठेवायला त्याने घेतलेली रॅम, मी कधी बदललाच नव्हता, तो मूळच्या १२८ एमबीवरच होता. म्हणजे जुन्या चार जीबीतलीही बहुतेक रॅम डेटाबेसच्या उपयोगाला येत नव्हती. नवीन मशीनचं कोटेशन मागवण्याआधी ही एक ओळ तपासा. बफर पूल वाढवल्यावर दिवसाच्या खाचा खूप कमी झाल्या, तासाची मात्र राहिली. मग एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली डिस्क, घेतली, ५०० जीबीची. त्या रात्री आबांनी येऊन विचारलं, आवाज का येत नाही. आणि सगळ्यात शेवटी जे करायला हवं होतं ते केलं: हिस्टरीची टेबलं दिवसाप्रमाणे पार्टिशनमध्ये तोडली. आता ९० दिवसांपूर्वीचा दिवस पुसायचा म्हणजे ती वहीच उचलून टाकायची, ओळी खोडत बसायचं नाही. हाउसकीपरला हिस्टरी पुसण्यातून सुट्टी दिली. हल्ली पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावरचं टाइमस्केलडीबी घेतलं तर हे तुकडे आपोआप पडतात आणि जुना डेटा दाबूनही ठेवता येतो. मी २०२४ मध्ये झॅबिक्स ७.० वर जाताना तिकडे वळलो.

म्हणून भाच्याला म्हटलं, आधी सेकंदाच्या व्हॅल्यू मोज. एक २४ पोर्टचा, म्हणजे वायरी जोडायच्या २४ जागांचा, स्विच घे. टेम्प्लेट, म्हणजे काय काय विचारायचं त्याची तयार यादी, लावला की तो प्रत्येक पोर्टमागे आठ-नऊ गोष्टी विचारतो: किती बिट्स आले, किती गेले, दोन्हीकडच्या चुका, दोन्हीकडची टाकून दिलेली पॅकेट्स, वेग, पोर्ट चालू की बंद. २४ गुणिले ९, २१६. आमच्या १९ शाखांचे १९ स्विच, म्हणजे ४,१०४ आयटम, आणि हे फक्त स्विच. राउटर, सर्व्हर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर धरून सहा हजार. सगळे मिनिटाला एकदा विचारले तर सेकंदाला १००. दिवसाला ८६ लाख ४० हजार व्हॅल्यू. एका आकड्याला डेटाबेसमध्ये साधारण ९० बाइट धरायचे, झॅबिक्सच्या मार्गदर्शिकेतही हाच अंदाज आहे. दिवसाचे ७८० एमबीच्या आसपास, ९० दिवसांचे ७० जीबी. तासाच्या सरासरीचे ट्रेंड्स वेगळे, ते सहा हजार आयटमचे वर्षाला पावणेपाच जीबी. पाच वर्षं ठेवले तरी पंचवीसच्या आत.

एवढं कागदावर मांडल्यावर मशीन जवळजवळ ठरल्यासारखंच असतं. ५०० जीबीची एसएसडी भरपूर झाली, चार टीबी कशाला? आणि मांडता मांडता हेही दिसतं की २४ पैकी १७ पोर्टना वायरच लावलेली नाही. ते आयटम बंद केले. जे पोर्ट शाखेतल्या एका टेबलाचे आहेत त्यांच्या चुका मिनिटाला मोजायची गरज नाही, पाच मिनिटांनी चालतं. माझे शंभरचे अडतीस झाले आणि एका पैशाचं हार्डवेअर लागलं नाही. मात्र शाखेचा राउटर जिवंत आहे का, हे मी तीस सेकंदांना विचारतो. तिथे काटकसर नको.

प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही. सेकंदाला शंभर-दोनशे व्हॅल्यूंसाठी चार चांगले कोअर पुरतात. ३२ कोअर तेव्हा लागतील जेव्हा उपकरणं हजारांत जातील किंवा सगळीकडे उपकरणांशी बोलायच्या एसएनएमपी भाषेच्या व्हर्जन तीनचं एन्क्रिप्शन असेल. रॅम १६ जीबी घ्या, जमलं तर ३२, आणि ती डेटाबेसला खरोखर द्या. एक खर्च लोक धरत नाहीत तो म्हणजे भिंतीवरचा टीव्ही. आमच्या मुख्य कार्यालयात साहेबांच्या केबिनमध्ये टीव्हीवर डॅशबोर्ड लावला, चाळीस ग्राफ, दर तीस सेकंदांनी ताजे होणारे, प्रत्येकात मागचे सात दिवस. तेवढा एक टीव्ही डेटाबेसला वाचनाला इतका कामाला लावत होता की सगळ्या शाखा मिळून लिहिण्यालाही लावत नव्हत्या. सात दिवसांचे ग्राफ काढून सहा तासांचे केले, मिटलं.

एसएसडी घेताना सगळे विचारतात, किती लिहिलं की ती संपते? माझी मी मोजली, डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या स्मार्टच्या आकड्यांवरून. डेटा ७८० एमबीचा असला तरी प्रत्यक्ष लिखाण दिवसाला ४० जीबीच्या आसपास जात होतं, कारण तीच पानं पुन्हा पुन्हा लिहिली जातात, लॉग वेगळा, दोनदा लिहिण्याची खबरदारी वेगळी. ४० जीबी म्हणजे वर्षाला साडेचौदा टीबी. ५०० जीबीच्या बऱ्या एसएसडीला ३०० टीबीपर्यंत लिखाणाची हमी असते. हिशोब केला तर वीस वर्षं. तेव्हा झिजण्याची भीती आमच्या आकाराला नाही. भीती आहे ती लाइट जाण्याची. डेटाबेस "लिहिलं" असं समजून पुढे जातो, एसएसडीच्या पोटात ते अजून कॅशमध्येच असतं, आणि तेवढ्यात वीज जाते. डेटा सेंटरसाठीच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात, वीज गेल्यावर ते शेवटचं लिखाण पूर्ण करण्यापुरती ताकद देतात. जिथे तालुक्याच्या गावी दिवसातून तीनदा लाइट जाते तिथे मी दुप्पट आकाराच्या साध्या डिस्कपेक्षा अर्ध्या आकाराची कपॅसिटरवाली घेईन. आणि सगळ्यात स्वस्त, एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी, स्वतःची रॅम नसलेली एसएसडी डेटाबेसला लावू नका. कॉपी करून बघितलं तर पहिली काही मिनिटं ती फार वेगवान वाटते, आणि वेगवान कॅश भरली की बसते.

इथे एक सांगायलाच हवं. दर व्यवहाराला डिस्कवर सही न घेता सेकंदातून एकदा घ्या, अशी सेटिंग मायएसक्यूएलमध्ये असते. मॉनिटरिंगच्या डेटाबेसला मी ती लावतो, एक सेकंदाचे आकडे गेले तर गेले. पण ज्या सर्व्हरवर लोकांच्या ठेवी आहेत तिथे ही सेटिंग कुणी सुचवली तर ऐकू नका.

२०२१ मध्ये एका संचालकांनी मोठ्या मनाने त्यांच्या कारखान्यातला जुना रॅक सर्व्हर देऊ केला. दोन झिऑन प्रोसेसर, १६ कोअर, ६४ जीबी रॅम. मी दोन दिवस लावून बघितला. वॅटमीटरवर काहीही न करता १९० वॅट. वर्षाला १,६६४ युनिट, आणि त्याची गरमी बाहेर काढायला एसीचं बिल वेगळं. माझ्या आताच्या छोट्या ऑफिस डेस्कटॉपला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी, २२ वॅट लागतात. वर्षाला १९३ युनिट. पण मी तो सर्व्हर हात जोडून परत केला त्याचं कारण बिल नव्हतं. लाइट गेल्यावर बॅटरीवर जे मशीन सगळ्यात शेवटी बंद पडलं पाहिजे ते मॉनिटरिंगचं. सगळं विझलं तरी "काय विझलं" हे सांगायला ते जागं हवं. १९० वॅटला माझ्या छोट्या यूपीएसवर पंधरा मिनिटं मिळत होती. २२ वॅटचं मशीन, एक राउटर आणि एक जीएसएम मोडेम मिळून तोच यूपीएस दीड तासाच्या वर चालतो. मोडेम यासाठी की इंटरनेटच गेलं तर इंटरनेट गेल्याचा निरोप इंटरनेटवरून कसा येणार? तो सिमवरून एसएमएस टाकतो.

त्याच कारणाने ते मशीन वेगळं ठेवा. मुख्य सर्व्हरवरच एक व्हर्च्युअल मशीन करून त्यात मॉनिटरिंग टाकलं की खर्च शून्य दिसतो, आणि तो सर्व्हर बसला की सांगणाराही त्याच्यासोबत बसतो. उलट बाजूनेही एक धागा बांधून ठेवा. माझ्या घरचं एक छोटं मशीन दर पाच मिनिटांनी पतसंस्थेतल्या झॅबिक्सची हजेरी घेतं आणि हजेरी चुकली तर माझा फोन वाजवतं.

उन्हाचं काय, तर ऊन २०१९ ला दोषी नव्हतं म्हणून निर्दोष आहे असं नाही. आमचा एसी सहाला बंद होतो आणि स्लॅब तापलेला असतो, रात्री नऊलासुद्धा खोलीत ३९-४० अंश मी स्वतः मोजलेत. यूपीएसमधल्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर सांगितलेलं असतं, आणि साधारण दर दहा अंशांनी ते अर्धं होतं. पुस्तकात चार वर्षं लिहिलेली बॅटरी माझ्याकडे दोन वर्षांत हात टेकते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, अक्षय तृतीयेच्या कितीतरी आधी, मी प्रत्येक शाखेची बॅटरी लोड लावून तपासतो. पंखा नसलेले छोटे पीसी दिसायला छान, आवाज नाही, धूळ ओढत नाहीत. पण ते खोलीच्या हवेवर अवलंबून असतात आणि ४० अंशांत स्वतःचा वेग कमी करतात. मी पंख्यावालंच घेतो आणि महिन्यातून एकदा जाळी साफ करतो. ज्या शाखा जिनिंगच्या शेजारी आहेत तिथे कापसाच्या हंगामात पंधरा दिवसांनी, कारण रुईचा तंतू पंख्यात नमद्यासारखा बसतो.

नंदुरबारकडच्या तीन शाखांची लाइन सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात तासन् तास जायची. लाइन परत आली की मधल्या काळात शाखेत काय झालं ते कळायला मार्ग नाही. तिथे मी झॅबिक्स प्रॉक्सी ठेवली. ती स्थानिक आकडे जमवून ठेवते आणि लाइन आली की पाठवते. मुळात फक्त एक तासाचं साठवते, मी ते बारा तासांचं केलं. मशीन म्हणून एक जीबी रॅमचा रास्पबेरी पाय थ्री हा छोटा कॉम्प्युटर, ताकद अगदी पुरेशी. पण एसडी कार्ड! पहिलं कार्ड पाच महिन्यांत गेलं, दुसरं सात. फोटो ठेवायला केलेल्या वस्तूवर डेटाबेस दिवसरात्र लिहीत होता. मग छोटी एसएसडी यूएसबीवर लावली आणि पाय तिच्यावरूनच चालू केला, तेव्हापासून एकही फेरी नाही. ७.० पासून प्रॉक्सीला हे सगळं रॅममध्येच धरून ठेवता येतं, आता कार्डवरही निभावेल. एका फेरीला जळगावहून अक्कलकुव्याकडे जाऊन यायला माझा अख्खा दिवस जातो, त्यापुढे एसएसडीची किंमत काहीच नाही.

भाच्याला प्रोमिथियस नावाचं दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअरही खुणावत होतं, त्याने व्हिडिओ बघितले होते. ते साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ ला सुरू झालं, त्याची साठवण निराळी आहे, एका आकड्याला एक ते दोन बाइट. डिस्क त्याला फार कमी लागते. पण एका लिनक्स मशीनवरचा, त्याला आकडे पुरवणारा नोड एक्स्पोर्टर सहज हजारभर मालिका, म्हणजे मोजायच्या हजारभर गोष्टी, देतो, आणि चालू मालिका जितक्या तितकी रॅम. दहा मशीन, पंधरा सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६६७. वर्षभर ठेवलं तरी ४२ जीबी. आणि सांगितलं नाही तर ते १५ दिवसांचंच ठेवतं, हे लक्षात ठेव म्हटलं. दवाखान्यात स्विच, यूपीएस, प्रिंटर जास्त आणि लिनक्सचे सर्व्हर दोनच, म्हणून मी त्याला झॅबिक्सवरच राहायला सांगितलं.

मी कॉलेजला असताना एमआरटीजी नावाच्या जुन्या प्रोग्रॅमचे ग्राफ बघायचो, हिरवा डोंगर येणाऱ्या डेटाचा आणि निळी रेघ जाणाऱ्याची, पाच मिनिटांनी एक ठिपका. ते कुठल्याही भंगार मशीनवर चालायचं. पुढे असे आकडे साठवणारं आरआरडीटूल आलं, त्याची फाइल पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच शेवटपर्यंत, कारण जुने आकडे सरासरीत मिसळून जातात. पुसायचा प्रश्नच नाही. ज्यांची दहा-पंधरा उपकरणं आहेत आणि फक्त लाइन किती भरली ते बघायचंय, त्यांनी आजही तेच वापरावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

काल रात्री भाच्याने वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. पेन्सिलीने आखलेला तक्ता. ११ स्विच, त्यातले वायर लावलेलेच पोर्ट धरलेले, ६ सर्व्हर, ४ यूपीएस, आयसीयूच्या मजल्यावरचे दोन स्विच तीस सेकंदांवर, बाकी सगळं दोन मिनिटांवर. खाली अधोरेखित आकडा: सेकंदाला १४. कोटेशन त्याने परत पाठवलंय. चार कोअर, १६ जीबी, कपॅसिटरवाल्या दोन एसएसडी मागवल्यात, एकाच खेपेतल्या नकोत असं मी म्हटलं होतं तेही लिहिलंय.

मी एकच उलट विचारलं, हे मशीन ज्या बोर्डावर लावणार तो बोर्ड जनरेटरवर आहे की इन्व्हर्टरवर? आज ड्युटी संपल्यावर तो इलेक्ट्रिशियन काकांना घेऊन वायर बघायला जाणार आहे.